भामेकडून पवनेकडे, आठवा लागायच्या आत

आमच्या वर्गातली मुलं दिवाळीच्या सुट्टीत लांब लांब जाऊन येतात आणि आल्यावर महिनाभर सांगत बसतात. मी गेलो होतो चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या काठी, एका लहान गावाला. तिथून परत आलो आमच्या गावी, मावळात, पवनेच्या काठी. नकाशावर हे अंतर बोटाच्या एका पेरात मावतं. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचावा. मला जवळजवळ आठवडा लागला. याला प्रवासवर्णन म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. पण तिकडून आल्यापासून ते दिवस डोळ्यांपुढून हलत नाहीत, म्हणून लिहितो.

काम साधं होतं. माझी थोरली बहीण, सुमनताई, हिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं. आमच्याकडे आठव्या महिन्यात गर्भारशीला वाटेला लावत नाहीत. सातवा सरायच्या आत आणली तर आणली, नाहीतर बाळंतपण सासरीच. ताईचा आठवा दिवाळीच्या अमावस्येनंतर लागत होता. वडील भातकापणीत अडकलेले. मी घरातला कॉलेजात गेलेला पहिला, तेव्हा मला सगळं जमतं अशी घरात एक समजूत आहे. आईनं कॉलेजच्या वसतिगृहावर निरोप धाडला, "तूच जा. आणि तिला घेतल्याबिगर येऊ नको."

शिवाजीनगर ते चाकण

नाशिक रस्त्याची एस.टी. सकाळची होती. खिडकीची जागा मिळाली. भोसरीपर्यंत मी जागा होतो की नव्हतो, सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या लांब लांब शेड, त्यांच्या उंच काचांवर ऊन, आणि आतून येणारा एकसारखा घणघणाट. मध्येच एखादं जुनं शेत राहून गेलेलं, त्यात एक म्हैस शेडच्या सावलीला बसून रवंथ करते आहे. तिला त्या आवाजाचं काही वाटत नव्हतं. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि शेड संपल्या. पुढे माळावर खुरासणी फुलली होती. बस चालली आहे की पिवळा रंगच मागे सरकतो आहे, कळेना.

चाकणला उतरलो तर अंगाला कांद्याचा वास चिकटला. बाजाराच्या आवारात पोती रचलेली, हवेत लालसर सालपटं उडत होती. तिथून चालत आणि थोडं बैलगाडीत बसून ताईच्या गावी पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

भामाकाठ

ताईच्या घरी शिरताना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की तिथे सगळे कुजबुजत बोलतात. आधी वाटलं कुणी आजारी आहे. मग ताईनं ओठांवर बोट ठेवून माजघराच्या दाराकडे खूण केली. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पिंपरीच्या एका कंपनीत आहेत. त्या पंधरवड्यात त्यांची रात्रपाळी. ते दिवसा झोपतात. त्या गावात अशी बरीच घरं आहेत. भर दुपारी गल्लीतून जावं तर दारं लोटलेली, खिडक्यांना पोती लावलेली. भांडी पाण्यात घालताना बाया ती हळूच सोडतात. पोरंसुद्धा विटीदांडू लांब नदीकडे नेऊन खेळतात. शिफ्टवाल्याला उठवायचं नाही, हा तिथला मोठा नियम. आमच्याकडे दिवसा झोपलेल्या माणसाला आळशी म्हणतात. तिथे त्याच्यासाठी सगळं गाव पाय न वाजवता चालतं.

घरात माणसं मोजकी. ताईचे सासरे, ज्यांना गाव तात्या म्हणतं. त्यांची म्हातारी विधवा बहीण, आक्का. दाजी आणि ताई. सासूबाई दाजींच्या लहानपणीच गेल्या. ताई लग्न होऊन येईपर्यंत त्या घरात चूल आक्काच्या दुखऱ्या हातांवर चालायची.

तात्या पूर्वी ट्रकवर ड्रायव्हर होते. आता शेती बघतात, आणि त्यांच्यापाशी एक मोटार आहे. गोल टपाची, जुनी, करड्या रंगाची. तिचं मूळ इंजिन काढून त्यांनी कधीतरी डिझेलचं बसवून घेतलं. गावातली लग्नं आणि दवाखाने तिच्यावर चालतात. ताईला न्यायची तर याच गाडीतून, हे तात्यांनी आधीच ठरवलं होतं. एस.टी.च्या धक्क्यांना चाकणच्या डॉक्टरीणबाईंचीही ना होती.

"पण गाडी रुसलीया, पाव्हणं," तात्या म्हणाले.

ते मला गोठ्याशेजारच्या छपरात घेऊन गेले. आत अंधारून आलं होतं. वाळल्या कडब्याचा आणि डिझेलचा वास. काचेमागे, स्टिअरिंगच्या वर, खंडोबाची लहान तसबीर आणि तिच्यापुढे हरभऱ्याएवढा लाल दिवा. त्या उजेडात गाडी एखाद्या बंद देवळासारखी दिसत होती. तात्यांनी आधी हात जोडले, मग किल्ली फिरवली. आतून नुसतं 'टक्' झालं.

दसऱ्यापासून हे असंच चाललं होतं. चार गल्ल्या फिरवून आणली तर त्या दिवशी गुणानं वागते. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. डिझेलच्या इंजिनाला पहिला झटका जोराचा लागतो, त्याआधी हीटर तापावे लागतात, बॅटरीत जीव नसेल तर काही व्हायचं नाही. हे सगळं तात्यांनी मला कुजबुजत सांगितलं, कारण छपराला लागूनच दाजींची खिडकी होती.

मी भीत भीत सुचवलं, की उतारावरून ढकलून चालू केली तर?

"व्हईल की. रोज तेच करतो. पर ढकललेल्या गाडीतनं सुनंला न्हाई धाडायची. वाटंत बंद पडली तर माळावर बसवू का तिला?"

जेवताना आक्कानं बोटांवर अमावस्येचे दिवस मोजले आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "न्हाई जमलं तर हितंच होईल बाळंतपण. मी हाय की." ताई भाकरी थापत होती. तिचा हात एक क्षण थांबला. परसात पाणी द्यायला आली तेव्हा तिनं मला एवढंच विचारलं, की आईनं तिची जुनी खोली सारवून ठेवली आहे का. मी हो म्हणालो. तिनं परत विचारलं.

भोसरी

दुसऱ्या दिवशी तात्या आणि मी बॅटरी काढून भोसरीला निघालो. कंडक्टरनं तिला बसमध्ये घ्यायला साफ नकार दिला. आत तेजाब असतं, सांडलं म्हणजे. मग कांद्याच्या टेम्पोत, पोत्यांवर, बॅटरी मांडीशी धरून बसलो. थंड वारा, वर स्वच्छ आभाळ. तात्या एकदा म्हणाले की ट्रकवर असताना ते अशाच पोत्यांवर झोपत नाशिकपर्यंत जायचे, दुसरा ड्रायव्हर चालवायचा, आणि झोपेत त्यांना वळणं कळायची. मग ते खरंच झोपले. मी एकटाच जागा राहून बॅटरी सांभाळली. माझ्या पँटला दोन भोकं पडली ती आजही आहेत.

वर्कशॉपवाल्यानं बॅटरीच्या प्रत्येक खणात काचेची नळी बुडवून पाहिली आणि चार्जिंगला लावून दिली. संध्याकाळी या, म्हणाला. तात्यांना कुणी ओळखीचं भेटलं. मी फिरत फिरत पिंपरीच्या रस्त्याला लागलो आणि बरंच चाललो. एका कारखान्याचा भोंगा झाला. मोठं फाटक उघडलं आणि आतून सायकली बाहेर पडू लागल्या. इतक्या सायकली मी एका वेळी पाहिल्या नव्हत्या. बोलणं कमी, घंट्या जास्त. सगळ्यांच्या मागे रिकामे डबे वाजत होते. समोरून तितक्याच सायकली आत चालल्या होत्या. बाहेर येणारे थकलेले, आत जाणारे अजून झोपेतले. मध्ये मी उभा. मला वाटलं, इथे अर्धं गाव झोपतं तेव्हा अर्धं गाव जागं असतं आणि उलटही, म्हणजे सगळं गाव एकमेकांना कधी भेटत असेल? रस्त्याकडेच्या टपरीवर भजी घेतली. बरोबर तळलेल्या मिरच्या देतात, आणि मागितल्याशिवाय पाणी नाही.

बॅटरी घेताना वर्कशॉपवाला म्हणाला की हिच्यात खोट नाही, अजून दोन दिवाळ्या काढेल. तात्यांचा चेहरा खुलला. घरी येऊन बसवली, किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू झाली. दाजी उठून बाहेर आले, हसले, डबा घेऊन कामावर गेले. निघायला चांगला वार बघून मधले दोन दिवस सोडले. गाडी पुसून छपरात लावून ठेवली.

उंबरा

निघायच्या सकाळी दव पडलं होतं. आक्कानं ताईची ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण. शेजारच्या बाया जमल्या. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ताई देवापुढे वाकली, आक्काच्या पाया पडली आणि उंबरा ओलांडून छपरात जाऊन गाडीत मागच्या बाजूला बसली. मी तिच्या पायाशी बोचकं ठेवलं. तात्यांनी हात जोडले. खंडोबापुढचा लाल दिवा विझत्या निखाऱ्यासारखा दिसत होता.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

दव पत्र्यावरून ठिबकत होतं, तेवढाच आवाज. मग बायांत कुजबुज सुरू झाली. ओटी भरून उंबरा ओलांडलेली बाई परत घरात कशी घ्यायची? आमच्याकडे असा प्रसंग कधी आलेला मला आठवत नाही. आक्कानं डोकं चालवलं. ताईच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला आणि म्हणाली, "ही गेलीच न्हाई असं समजायचं." ताई आत गेली. मी पाहिलं, ती हसत होती, पण ओटीतला नारळ तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. अमावस्या अगदी तोंडावर आली होती.

बशीरभाई

तात्या तडक चाकणला गेले आणि दुपारी बशीरभाईंना घेऊन आले. बशीरभाईंचं कांदाबाजाराशेजारी गॅरेज आहे. उंच, पान खाणारे, आणि बोलणं असं की समोरच्याला जागा सापडू नये. त्यांनी याच गाडीचा डायनामो पंधरवड्यापूर्वी उगाच उघडून परत बसवला होता, हे तात्यांनी त्यांना आल्या आल्या ऐकवलं.

"उगाच नाही तात्या, त्याला हवा दिली," बशीरभाई म्हणाले. "हे कोण, कॉलेजवाले? काय शिकता?"

मराठी आणि इतिहास, मी म्हणालो.

"मग तुम्ही मागं बसा, राव. गाडीचा इतिहास बघा."

त्यांनी मला खरंच मागच्या सीटवर बसवलं. दारं बंद ठेवायची, कुठलंही बटण दाबायचं नाही आणि आत काही लागलेलं दिसलं तर सांगायचं. बरोबर आणलेली भरलेली बॅटरी त्यांनी जोडली. मग तिची एक जाड वायर सोडवली, आणि ती वायर व बॅटरी यांच्यामध्ये दोन तारांचा एक लहान बल्ब धरला. तात्यांना समजावलं, की गाडीत सगळं बंद असेल तर हा बल्ब पेटायचा नाही. पेटला तर समजायचं, कुणीतरी गुपचूप पितंय.

बल्ब पेटला. मंद, पण पेटला.

त्यांनी फ्यूज काढले. बल्ब तसाच. डायनामोच्या वायरी सोडवल्या, हॉर्न सोडवला, मागचे दिवे. बल्ब तसाच. प्रत्येक वेळी बशीरभाई कुजबुजत काहीतरी पुटपुटायचे, कारण खिडकीमागे दाजी झोपलेले. छपरात दुपारची सावली होती. कडब्याच्या फटींतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या आणि त्यात धूळ तरंगत होती. मागची सीट मऊ. माझे डोळे जड झाले. समोर खंडोबाचा दिवा होता, मी त्याच्याकडे बघत होतो. तो विझला. थोड्या वेळानं लागला, पण अर्धाच. परत विझला, परत अर्धा लागला. मला ते झोपेतलं वाटलं. मग लक्षात आलं की तो विझतो तेव्हा बाहेर बशीरभाई बल्ब काढतात, आणि अर्धा लागतो तेव्हा बल्ब धरतात.

बोलावं की नाही, मला कळेना. देवाच्या दिव्याबद्दल, तेही बहिणीच्या सासरी. शेवटी मान बाहेर काढून विचारलं, की हा दिवा किल्ली काढल्यावरही चालूच असतो का?

बशीरभाई थांबले. त्यांनी आत डोकावून पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. "हे मी मोजलंच नाही," ते म्हणाले. "तिकडं मी हात घालत नाही, तात्या. ते तुमचं देवाचं."

"दिवा काय पितोय?" तात्या म्हणाले. "केवढासा हाय तो."

इतक्यात दार वाजलं. दाजी उठले होते. ताईनं दिलेला चहा बशीत ओतत ते छपराशी आले आणि काय चाललंय म्हणून विचारलं. बशीरभाईंनी विचारलं, ही लाइन कुठून आणली आहे. दाजी अजून अर्धे झोपेत होते. म्हणाले, "दसऱ्याला मीच दिली की, बॅटरीवरून डायरेक्ट. किल्ली काढली की देवापुढं अंधार होतो म्हणून तात्या हळहळत होते."

मी तात्यांकडे पाहिलं नाही. बशीरभाईंनी पान थुंकलं आणि हसू लागले, आवाज न करता, कारण सवय झाली होती. "रात्रंदिवस," ते म्हणाले, "थेंब थेंब. आणि ज्याला ठाऊक होतं त्याला झोपू द्यायचं म्हणून आपण सगळे कुजबुजतोय." दाजींनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

तिढा सुटला असं मला वाटलं, पण तिथूनच खरा तिढा सुरू झाला. वायर किल्लीच्या मागे जोडली की झालं, बशीरभाई म्हणाले. तात्यांनी मान हलवली. पोटुशी बाई वाटेला लागायची, आणि आपण आपल्या हातानं देवापुढचा दिवा विझवायचा? ते होणार नाही. दाजींनी समजावलं, बशीरभाईंनी समजावलं. आक्का दारातून म्हणाली की मग राहू द्या इथंच. तात्या उपरण्यानं गाडीची काच पुसत राहिले.

ताई केव्हा येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"तात्या," ती म्हणाली, "गाडी उभी असेल तेव्हा देवाला आत आणत जाऊ. आत मी दिवा लावतेच. सकाळी परत गाडीत न्यायचा."

"आन् तू गेल्यावर?" तात्यांनी विचारलं. "दिवा कोण लावंल?"

"तुम्ही लावा."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग ते गाडीत वाकले, तसबीर खिळ्यावरून काढली, उपरण्यात गुंडाळली आणि घरात गेले. बशीरभाईंनी वायर कापून किल्लीच्या मागे जोडली. त्या संध्याकाळी देवघरातला दिवा तात्यांनी लावला. त्यांना वात नीट जमेना, दोनदा विझली. ताई शेजारी बसून होती, पण तिनं हात पुढे केला नाही.

पवनाकाठ

दुसऱ्या सकाळी आक्कानं ओटी पुन्हा भरली. गाडी सुरू झाली तेव्हा कुणालाच खरं वाटलं नाही, एक बाई तर ढकलायला मागे जाऊन उभी होती. तळेगावचा रस्ता धरला. तात्या इतके हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जायचे आणि मागे वळून बघायचे. देहूरोडकडे लष्कराच्या गाड्यांची रांग चालली होती, ती जाईपर्यंत थांबलो, इंजिन चालू ठेवून. दशम्या गाडीतच खाल्ल्या. ताई खिडकीला डोकं टेकून झोपली. मावळात शिरलो तसा हवेला भाताच्या पेंढ्याचा वास आला आणि ती झोपेतच हसली.

आईनं दारात ओवाळलं. तात्यांनी गाडी बंद केली, तसबीर काढून आत आणली आणि आमच्या देव्हाऱ्याकडे बघत उभे राहिले. आईनं काही न विचारता आपले देव थोडे सरकवले. रात्री ते आमच्याकडेच राहिले. आमच्या गावात कुणी दिवसा झोपत नाही, पण तात्या जेवतानाही हळूच बोलत होते. वडिलांना त्यांनी दोनदा सांगितलं की हिला ताक फार लागतं, आणि पहाटे एकदा उठून पाणी पिते, तेव्हा तांब्या उशाशी ठेवा.

सकाळी निघताना त्यांनी तसबीर गाडीत टांगली. ताई, आई, मी, सगळे अंगणात होतो. ताईला ते म्हणाले, "येतो." मग आत बसले आणि किल्लीवर हात ठेवून उगाचच थांबले. टपाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यालाच सुरू झाली. ज्या आवाजासाठी इतके दिवस आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो, तो ऐकून तात्यांचा चेहरा एकदम उतरला. ताईनं ते पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत फाटकापर्यंत गेली आणि गाडी पवनेच्या पुलापलीकडे दिसेनाशी झाली तरी तिथेच उभी राहिली.